जिभेची कड

“एक वार... दोन वार...”

पुढचे शब्द रामाजींच्या तोंडातून निघालेच नाहीत. सिंदीच्या कापूस बाजारात कापसानं भरलेल्या बैलबंडीवर उभं राहून ते बोली पुकारत होते. एकाएकी त्यांनी तोंडाशी उपरणं धरलं आणि खाली उतरले. शेतकरी, अडते नुसते बघत राहिले. शेवटी अडत्याच्या मुनिमानंच “तीन वार” म्हणून सौदा सोडला. रामाजींच्या उपरण्यावर रक्त होतं.

घरी आल्यावर बायकोला, अन्नपूर्णेला, ते म्हणाले, “जीभ चावल्या गेली. दुसरं काई नाई.”

पण तिनं बरेच दिवस पाहिलं होतं. तिखट वरणाचा भुरका मारणारा माणूस भाकर दुधात कुस्करून खाई, तीही एकाच बाजूनं.

“इकडे उजेडात या,” ती म्हणाली. “तोंड उघडा.”

“काऊन?”

“उघडा म्हणते न मी!”

खालची दाढ तुटून तिची कड सुरीसारखी झाली होती, आणि तिच्यासमोर जिभेवर पांढऱ्या काठाची जखम होती. रामाजींचे थोरले भाऊ महादेवराव तोंडातल्या अशाच फोडानं गेले होते. शेवटी त्यांना पाणीसुद्धा गिळता येईना. त्या वेळी उशाशी अन्नपूर्णाच बसलेली होती.

“उद्या वर्ध्याले जाऊ,” एवढंच ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर प्रभाकरराव वयानं लहान, पण घाई न करणारे होते. त्यांनी बोटानं जखम चाचपली, गळ्याखालच्या गाठी पाहिल्या, आणि तंबाखूचं विचारलं.

“खातो,” रामाजी म्हणाले. “बोली कराची म्हणजे घसा तयार पायजे न.”

डॉक्टरांनी दाढ काढली आणि तंबाखू बंद करायला सांगितली. “तुटका दात जिभेला घासत होता म्हणूनच जखम असेल, तर भरून येईल. नाही भरली तर जखमेचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवू.”

जखम अर्धी भरली. अर्धी तशीच राहिली.

दुसऱ्या खेपेला रामाजींनी मनातलं विचारलं. “डॉक्टरसाहेब, माह्या भावाले हेच झालतं. हे खानदानातच चालते का?”

“काही जणांना बीजातूनच थोडा कच्चेपणा मिळतो,” डॉक्टर म्हणाले. “पण भावाला झालं म्हणून तुम्हाला व्हायलाच पाहिजे असं नाही. तंबाखू दोघांनीही खाल्ली ना? असं बघा, जिभेला जखम झाली की शरीर तिथं नवे कण, म्हणजे पेशी, घडवतं. तुमचा दात जिभेला रोज घासत होता, म्हणजे रोज नव्यानं घडवणं आलं. इतक्यांदा घडवताना एखाद्या कणाच्या बीजात चूक राहते. तंबाखूनं अशा चुका वाढतात. मग तो चुकलेला कण आपल्यासारखेच आणखी कण घडवतो. कुठं थांबायचं हे त्यांना कळेनासं झालं, की कॅन्सर.”

“अन् माह्या जिभेत ते थांबले का नाई?”

“ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.”

जखम असलेली जिभेची कड कापून तपासणीला नागपूरला गेली. ते दिवस रामाजी घरात गप्प बसून होते. टाके होतेच, पण टाके निघाल्यावरही ते बोलले नाहीत. महादेवरावांचा आवाज आधी गेला होता, जीव नंतर.

निकाल ऐकायला दोघं पुन्हा वर्ध्याला गेले. डॉक्टर दारातच भेटले.

“बिघाड सुरू झाला होता,” ते म्हणाले, “पण वरच्या थरातच. आत उतरला नव्हता. जेवढं बिघडलं होतं तेवढं सगळं निघालं. दाखवायला मात्र येत राहा.”

“म्हणजे जीभ वाचली?”

“वाचली. आणि तुम्हीही वाचलात.”

अन्नपूर्णा दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली. पदरात तोंड घालून ती रडत होती की हसत होती, हे रामाजींना कळेना. मग ती उठली, नाक पुसलं आणि म्हणाली, “मले लय भूक लागली.” स्टेशनाबाहेर तिनं दोन बश्या भजी एकटीनं खाल्ली. रामाजी समोर बसून बघत राहिले. कित्येक दिवसांत तीही धड जेवली नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

कापसाचा शेवटचा वेचा बाजारात येत होता तेव्हा रामाजी पुन्हा बंडीवर चढले. आवाज तोच होता, थेट फाटकापर्यंत जाणारा. पहिलीच बंडी रूपरावांची.

“लूपलाव...” रामाजींच्या तोंडून निघालं.

जिभेची ती कड आता ‘र’ला पोचत नव्हती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. एका पोरगेल्या दलालानं हसू दाबायला तोंड फिरवलं.

गर्दीतून रूपरावांनी हात वर केला. “हाव, माहीच बंडी होय. होऊ द्या रामाजी.”

रामाजींनी मान डोलावली. खाली वाकून बोली सुरू करायला त्यांनी मूठभर कापूस उपसला आणि सगळ्यांना दिसेल असा उन्हात उंच धरला.