खाचेएवढी वाट

काठीवरची ती खाच अजून बोटाला लागत होती — चाकांच्या खुर्चीची रुंदी, टेप लावून, दोनदा तपासून घेतलेली. जन्मभर लोकांच्या छात्या-कमरा मोजलेल्या शिंप्याने बायकोच्या खुर्चीचं माप घेतलं होतं आणि त्या मापाची पायवाट रानातून थेट कुरणापर्यंत काढली होती, काटेरी झुडपं छाटत, रविवारमागून रविवार... आज तीच वाट बुजवायची होती, आणि तीही त्याच्याच हाताने.

"एवढ्या रुंद वाटेचं आता काम नाही," रानाची निगा राखणाऱ्या मंडळींच्या म्होरक्या मास्तरीणबाई सकाळी म्हणाल्या होत्या. "गवत पसरू दे, फुलं येतील. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार, शिंपीकाका?" — छे, वाईट कसलं! फुकट राबणाऱ्याला वाईट वाटून कसं चालेल? बायको जाऊन दोन वर्षं झाली, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तो काटेरी फांद्या ओढून वाटेच्या तोंडाशी रचू लागला. इथेच... एकदाच आली होती ती. कुणी ढकललेलं तिला खपायचं नाही, चाकं स्वतःच्या हाताने फिरवायची. खुर्ची अगदी मापात गेली, पण बोटांची पेरं दोन्हीकडच्या काट्यांनी सोलून निघाली. खुर्ची मोजली, हात मोजलेच नाहीत! अरे, नवशिकासुद्धा कापडाला मार्जिन सोडतो. रुमालाने रक्त टिपत ती एवढंच म्हणाली, "छान आहे हो गवत."

तो मात्र इरेला पेटला. दोन्ही बाजूंनी वीतभर वाढवायचीच वाट — मग पुढचे सगळे रविवार त्यातच गेले. संध्याकाळी मातीचे बूट काढताना ती खिडकीपाशी बसून विचारायची, "झालं का तुमचं?" आणि हा हुरूपाने सांगत सुटायचा — ओढ्यापर्यंत आलो, आता फार तर दोन-तीन रविवार... केवढी वाट बघतेय बिचारी, असं वाटून त्याला बरं वाटायचं.

खाली झाडाखाली डब्यांची झाकणं वाजली. मास्तरीणबाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, "काका, झालं का तुमचं?"

तो थबकला. तेच शब्द... आणि सुरात कंटाळा. फांद्या कुठवर रचल्या, याच्याशी बाईंना काही देणंघेणं नव्हतं. पुरे करा आता, या, बसा आमच्यात — एवढंच म्हणायचं होतं त्यांना. एवढंच. आणि मी मूर्खासारखा ओढा सांगत बसलो, वीत सांगत बसलो... वाट बघत होती ती. या वाटेची नव्हे.

"काका! ऐकू येतंय ना?"

"आलोच," तो सवयीने ओरडला. दर रविवारी सकाळी दारातून तो नेमकं हेच म्हणून निघायचा. त्याने पुढची फांदी उचलली, काट्यांच्या बाजूनेच धरली आणि खाली न जाता तसाच रचत राहिला.