कडी नसलेलं दार

ताईच्या शिवणाच्या दुकानामागच्या संडासाला कडी नव्हती. गल्लीतल्या कुठल्याच दुकानाच्या संडासाला नव्हती. पोरं नशेची सुई घेऊन आत जायची, कडी लावायची आणि श्वास थांबून मरायची. दार तोडेपर्यंत फार उशीर झालेला असायचा. शेवटी गल्लीनेच बसून ठरवलं: कड्या काढायच्या, श्वास परत आणणारा नाकात मारायचा फवारा दाराशी खिळ्याला टांगायचा, आणि कुणीही आत गेलं की बाहेरच्याने मधूनमधून विचारायचं, "आहेस का?" यातून कुणालाच सूट नव्हती. निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा घसा खाकरून आतून "आहे" म्हणत, निमूटपणे हजेरी दिल्यासारखे.

ताईचा धाकटा भाऊ नशेवरचे उपचार घेऊन घरी आला, तेव्हा त्याला हे लागलं. "मी सुटलोय त्यातून, ताई. अजून माझ्यावर पहारा?"

ताई विरघळली. लाडक्या भावापुढे तिचं कधी काही चाललंय? तिने गुपचूप कडी बसवली आणि हाक मारणंही सोडलं. विश्वास टाकायचा तर पुरता टाकावा, असा तिचा खाक्या.

एका दुपारी ती कोटाला अस्तर लावत होती. अस्तर झालं, बाह्या झाल्या, तरी आत गेलेला भाऊ बाहेर येईना. हाकेला उत्तर नाही. तिची आरोळी ऐकून शेजारचा सायकलवाला धावला, त्याने खांद्याने दार पाडलं. भावाचे ओठ निळे पडले होते. उपचारात शरीराची नशा पेलायची सवय मोडली होती आणि याने घेतलं होतं पूर्वीइतकंच. सायकलवाल्याने नाकात फवारा मारला, तोंडाने श्वास दिला. ताई नुसती बघत राहिली. बऱ्याच वेळाने भावाची छाती हलली.

"ताई, ही कडी कुठून आली?" सायकलवाल्याने विचारलं.



इस्पितळातून आल्यावर दार भावानेच बसवलं, कडीशिवाय. संध्याकाळी ताई आत गेली, दार लोटलं आणि तोंडावर हात दाबून रडली. इतके दिवस तिला रडायला सवड झाली नव्हती.

"ताई, आहेस का?"

तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"ताई?"

दार धाडकन उघडलं. भाऊ उभा होता, पांढराफटक, हातात फवारा.

"आहे रे," ती म्हणाली. "आहे."