तिसऱ्या दिवशी मशीनवर

स्मृतीचा पाय चपलेत जाईना. सातवा महिना, पावलं टम्म सुजलेली. रक्तदाब वाढलाय, बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी परवाच बजावलं होतं. आणि ही पोर सोमवारी सकाळी ऑफिसचे कपडे चढवून दारात चपलेशी झटापट करत होती.

जमनाबाईंनी निवडत असलेली कोथिंबीर बाजूला ठेवली.

"कुठं निघालीस गं?"

"ऑफिसला, अज्जी. एकच मीटिंग आहे. स्वल्प वेळ. गाडी येईल सात मिनिटांत."

"डॉक्टरीण भिंतीशी बोलत होती का परवा?"

"या वेळी बढती हुकली तर पुढं कोण विचारतंय मला?" स्मृतीनं मान वर केली नाही. "आणि तू तर तिसऱ्या दिवशी मशीनवर बसली होतीस."

जमनाबाईंची मान सवयीनं ताठ झाली. सत्तावन्न वर्षं हे वाक्य ऐकून ती तशीच ताठ होत आली होती. मल्लेश्वरमच्या त्यांच्या गल्लीत अशी एक सून नव्हती की जिला त्यांनी हे ऐकवलं नव्हतं. पण नात आज हे चपला घालताना म्हणत होती.

"हे आजच कसं आठवलं तुला?"

स्मृतीनं फोन पुढं केला. पडद्यावर जमनाबाई स्वतःच बसल्या होत्या, हिरव्या इरकली साडीत, पुढच्या खोलीतल्या जुन्या शिलाई मशीनपुढं. गेल्या महिन्यात नातवानं, विराटनं, फोनला तो गोल दिवा लावून काढलेला व्हिडिओ. घरच्यांसाठी काढतोय असं त्यांना वाटलं होतं. तो फिरत फिरत स्मृतीच्या साहेबापर्यंत गेला होता आणि त्यानं काल रविवारी तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता, 'सगळ्यांनी शिकण्यासारखं' असं वर लिहून.

"खाली काय लिहिलंय? वाच."

"माझी अज्जी. शिक्षण दुसरी. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी मशीनवर. ना रजा, ना रडगाणं, ना कुणाची मदत. तुमची सबब काय?"

"ना कुणाची मदत. हे मी म्हटलं?"

"नाही. विराट अण्णानं लिहिलंय."

"विराट," जमनाबाईंनी हाक मारली. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज खाली गेला की घरातली भांडीसुद्धा गप्प बसत.

विराट केस विंचरत आला. लोकांना यशस्वी कसं व्हायचं ते शिकवण्याची त्याला नोकरी होती. रोज पहाटे पाचला उठून थंड पाण्यानं अंघोळ करायची आणि तसं जगाला कळवायचं. साडेचारला उठून त्याच्या कॉफीसाठी दूध तापवणाऱ्या आईचा व्हिडिओ काही त्यानं अजून काढला नव्हता.

"काय झालं अज्जी? चाळीस हजार लोकांनी पाहिलाय तो. हिंमत मिळते लोकांना."

"हिंमत? चाबूक दिलास तू. मूठ तिच्या साहेबाच्या हातात आणि वळ बहिणीच्या पाठीवर. तिचे पाय बघ. बघ म्हणते ना."

विराटनं पाहिलं. मग म्हणाला, "पण गोष्ट तर खरी आहे ना? तूच सांगत आलीस."

तिथं जमनाबाई अडकल्या. कापड त्यांनीच दिलं होतं, ह्यानं नुसता सदरा शिवला. गोष्ट त्या नेहमी मशीनपाशीच थांबवायच्या. पुढचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरालाही नाही.

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. स्मृती भिंतीला धरून उठू लागली.

"बैस खाली," जमनाबाई म्हणाल्या. "दोघंही बसा. मी बाळंत झाले तेव्हा शाळा उघडायला आठ दिवस, शिवायच्या गणवेशांचा ढीग पडलेला. सासू म्हणाली, जमना माझी वाघीण आहे. वाघीण म्हटलं की मी फुगले आणि बसले. चौथ्या दिवशी रक्त थांबेना. सातव्या दिवशी ताप. तीन आठवडे मी शुद्धीत नव्हते नीट, दूध आटलं. तुमचा बाप, संग्राम, कुणाच्या दुधावर जगला? माझ्या थोरल्या जावेच्या. भागुअक्काच्या. तिच्या अंगावर तिची चार महिन्यांची पोर होती. दोघांना पुरेना, तर ती आधी ह्याला पाजायची. राहिलेले गणवेशही तिनंच शिवले. आणि सासूनं ओटी भरली ती माझी, वाघिणीची."

हॉर्न पुन्हा वाजला. जमनाबाई खिडकीत गेल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या, "बेडा अण्णा, नको गाडी, ती येत नाही." परत येऊन त्यांनी खाली बसून नातीच्या पायातली अर्धवट अडकलेली चप्पल ओढून काढली.

"लिही त्या साहेबाला. डॉक्टरांनी मना केलंय, येणार नाही. माफी मागू नकोस."

स्मृतीनं लिहिलं. मग ती आत जाऊन पलंगावर आडवी झाली.

जमनाबाईंनी विराटला येलहंकाला, भागुअक्काच्या घरी, फोन लावायला लावला. पलीकडून आवाज यायला वेळ लागला.

"अक्का, तो माझा व्हिडिओ..."

"पाहिला की. नातवानं दाखवला. हिरवी साडी शोभते तुला."

जमनाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यात तुझं नाव नाही, अक्का."

"कधी होतं, जमने?" भागुबाई शांतपणे म्हणाली. मग विचारलं, "संग्रामचा खोकला बरा आहे का?"

जमनाबाईंनी फोन ठेवला. डोळ्यांना पदर लावला नाही, तसल्या त्या नव्हत्याच. जाऊन कपाटातून हिरवी इरकली काढली, पुन्हा आत टाकली आणि अंगावरची घरातलीच साडी नीट केली.

"विराट, तुझा तो दिवा घे. येलहंकाला जायचंय. अक्काच्या शेजारी बसून सगळं सांगणार आहे. ताप, रक्त, दूध, सगळं. ते त्याच जागी लावायचं, जिथं पहिलं लावलंस."

"अज्जी, असलं लोकांना नाही आवडत. त्यातून काय शिकायचं त्यांनी? आणि साडेनऊला माझा वर्ग आहे, आज कसं—"

"चपला घाल," जमनाबाई म्हणाल्या. "तुझी सबब काय, ते गाडीत सांग."