हिरवी, कोरी

भाग्यश्रीने पाकीट सांडशीने उघडलं. हाताने नाही, सांडशीने. दुधाचं पातेलं उतरवतात ना, तिनेच. आतली तयार शिवलेली साडी बाहेर आली आणि तिच्याबरोबर असा एक वास बाहेर आला की लोधिवलीच्या त्या एवढ्याशा खोलीत तो मावेना. घाम, अत्तर आणि लग्नाच्या पंगतीतली कसलीशी आमटी. पदराला मोगऱ्याची काळी पडलेली पाकळी. आतल्या बाजूला एक टिकली, कुणाच्या कपाळावरची कोण जाणे. आणि कमरेच्या पांढऱ्या नेफ्यावर, जिथून नाडी ओवतात तिथे, चार बोटांची हळद. ओली असताना पुसलेली, निवांत.

साडी परत पाठवण्याचं कारण लिहिलं होतं, साईज बसत नाही.

"नाडीला कसली गं साईज," तिची थोरली जाऊ सुनिता म्हणाली. "वडली का घट्ट, सोडली का ढिली."

"हळदीत नाचली, जेवली, फोटू काढले, मंग कळलं बसत नाय," असं म्हणत भाग्यश्रीने टिकलीसुद्धा सांडशीनेच उपटली.

आता सुनिताला किळस येणं ही गोष्टच मुळात नवीन. हायवेवरच्या हॉस्पिटलात ती बारा वर्षं आया होती, सकाळी सात ते तीन. बेडपॅन, उलट्या, ड्रेसिंगच्या बादल्या, सगळं उचलून, हात धुऊन ती डब्यातली भाकरी मोडायला मोकळी. नव्या सिस्टर नाकाला रुमाल लावून उभ्या राहिल्या की ती सांगायची, आजाऱ्याच्या घाणीला वास नसतो, तुमाला उगाच वाटतं. सगळ्या मजल्यावर तिची ही ख्याती होती आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा गर्वही होता. पण ही घाण आजाऱ्याची नव्हती. एका धडधाकट बाईने मजा मारून, नीट घडी घालून, वर खोटं लिहून ती घरपोच पाठवली होती. त्या दिवशी सुनिताला भाकरी मोडवेना.

खरं तर हा धंदा सुचला होता वॉर्डातच. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाच्या हाताला सलाईन, कुणाचे पाय सुजून खांबासारखे. बायांना साडी नेसता यायची नाही आणि गाऊनवर परक्या पुरुषांसमोर बसायची लाज वाटायची. सुनिताने धाकट्या जावेला विचारलं, निऱ्या शिवूनच टाकल्या तर? भाग्यश्रीकडे मशीन होती, हातात कला होती आणि मोबाईलात तिचं डोकं चालायचं. परकरासारखी चढवायची, नाडी बांधायची, पदर टाकायचा. एका मिनिटाची साडी! ऑनलाइन टाकली, आणि वर्षभरात पाकिटं पार नागपूरपर्यंत जायला लागली. तीनला ड्युटी सुटली की सुनिता घरी येऊन पाकिटं भरायची आणि चौक गावातल्या कुरिअरवाल्याकडे टाकून यायची. आपण घडी घातलेलं काहीतरी कुठेतरी कुणीतरी कोरं करकरीत उघडतंय, या विचाराने तिला रिक्षात एकटीलाच हसू यायचं.

भाग्यश्रीने डागांचे फोटो काढून ऑनलाइन कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, ग्राहकाचं समाधान आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. सोबत एक पिवळा हसरा चेहरा. त्या गोल पिवळ्या तोंडाची सुनिताला साडीपेक्षा जास्त शिसारी आली.

मग तिने जे केलं ते रागाच्या भरात केलं, असं निदान ती स्वतःला सांगत राहिली. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साबण लावला तशी हळद लालभडक झाली, साबणाने ती होतेच. मग दोन दिवस कडक ऊन. लाल गेलं, पिवळं गेलं, नेफा पांढरा. खळ घातली, इस्त्री मारली, नवं लेबल लावलं.

भाग्यश्री मशीनवरून बघत होती. "ताई, नको गं. फडकी करू हिची."

"तुजी मेहनत फडक्यात घालू? आनि कुनाला कळतंय."

साडी पाकिटात गेली आणि पाकीट त्या दिवशीच्या ढिगात गेलं. इतर हिरव्या साड्यांत तीही एक हिरवी. कुठे गेली, सुनिताने पाहिलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी वॉर्डात दहिवलीच्या आनंदीबाई आल्या. मूत्रपिंडं थकलेली, पाय सुजलेले, जीभ मात्र ठणठणीत. नवरा कोंडाजी स्टुलावर बसून असायचे आणि त्या त्यांना दिवसभर कामं सांगायच्या: खिडकी लाव, उघड, पुन्हा लाव. नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. नातीनेच मोबाईलवरून आजीला साडी मागवली होती, हिरवी, मोरपंखी काठांची, उभं राहून नेसावी लागत नाही अशी. हे ऐकल्यावर सुनिताला राहवतंय कुठलं.

"आजी, ती आमचीच. माज्या जावंनं शिवलीय."

आनंदीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "मंग तूच नेसव मला, पोरी. पाकीट फोडू दिलं नाय मी कुनाला. कोरंच ऱ्हाऊ दे म्हनलं."

सुनिता हो म्हणाली. त्या दिवशी तिने डबा खाताना दोन आयांना आणि एका सिस्टरला ही गोष्ट सांगितली.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना, सकाळी आठच्या सुमाराला, आनंदीबाई गेल्या.

कोंडाजी दहिवलीला जाऊन अकरापर्यंत परत आले. हातात पाकीट, तसंच बंद, आणि कागदात बांधलेली हळदीकुंकवाची पुडी. घरी नेलं की भावकीतल्या बाया सगळं करतीलच, ते म्हणाले, पण तिनं तुमचं नाव घेतलं होतं. एवढं बोलून ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

सुनिताने पडदा ओढला. साबणाच्या पाण्याने आनंदीबाईंचं अंग पुसलं, बोटं एक एक करून पुसली, केस विंचरले. मग पाकीट फोडलं. खळीची साडी कुरकुरली. ती पायांतून गुडघ्यांपर्यंत चढवली आणि नाडी सैल करायला म्हणून तिने ओल्या, साबणाच्या अंगठ्याने नेफा उलटला.

नेफा लाल झाला.

शिवणीच्या दुमडीत, जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे, आधी एक रेघ उमटली, मग बोटाएवढा डाग. सुनिता बघत राहिली. तो तिने कधीच काढून टाकला होता. तोच होता.

कोरं हवं म्हणून जिने पाकीट उघडू दिलं नाही, तिच्या अंगावर आपण कुणाच्या तरी नाचाचा घाम चढवत होतो. सुनिताने साडी सरसर खाली ओढली, आनंदीबाईंवर चादर टाकली आणि ती बेसिनकडे धावली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला वॉर्डात ओकारी आली. सिस्टर दारातून म्हणाली, तुला काय झालं गं आज? सुनिताने तोंड धुतलं. सांडशीची सवय लागलेल्या जावेला ती मनातल्या मनात हसायची, ते आठवलं. आता सांडशीने कुणाला धरायचं, ते तिला पक्कं कळलं होतं.

तिने फोन लावला. "भाग्या, हिरवी हाय का गं, नवी?"

"एक हाय. पन ती आज जायची हाय, लेबल लावलंय."

"फोड ती. घेऊन ये."

"आगं ताई, ऑर्डर..."

"आपन धुतलेली हितं आलीय. मयताला."

पलीकडून स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

ॲम्ब्युलन्सवाला दोनदा डोकावून गेला. सुनिता चादरीशेजारी उभी राहिली, आणि कुणी काही विचारलं की नुसतं, थांबा, म्हणाली. भाग्यश्री धापा टाकत आली तेव्हा सुनिताने आधी हात कोरडे केले, पुन्हा कोरडे केले, आणि मगच घडी उलगडली. नाडी बांधायला, निऱ्या सारख्या करायला, पदर खांद्यावरून घ्यायला खरंच एक मिनिटच लागलं.

कोंडाजी आत आले. आधी बायकोकडे बघितलं. मग स्टुलावर पडलेल्या दुसऱ्या हिरव्या बोळ्याकडे.

"ह्या दोन कशा?"

नेफा उसवला होता, हे उत्तर सुनिताच्या जिभेवर तयार होतं. साईज बसत नाही, इतकंच सोपं होतं ते.

"आजोबा, ती कोरी नव्हती," ती म्हणाली. "कुनीतरी नेसून परत पाठवलेली. मीच धुतली, मीच पाकिटात भरली."

भाग्यश्रीने मान खाली घातली. कोंडाजींनी तो बोळा उचलला, नेफ्यावरचा लाल डाग बघितला आणि होता तिथेच पुन्हा ठेवला. मग आनंदीबाईंच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून चुरून पाहिलं. ते कडक होतं, कुरकुरलं.

"ही हाय का कोरी?"

"हाय."

"बरं."

त्यांनी पुडी सोडली. कुंकू नीट लागलं. पण हळद लावताना चिमूट सुटली आणि पिवळी भुकटी आनंदीबाईंच्या खांद्यावरून हिरव्या पदरावर सांडली, चांगली वीतभर.

सुनिताचा हात सवयीनेच फडक्याकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," कोंडाजी म्हणाले. "तिचीच हाय ती."

सुनिताने हात मागे घेतला.