रिलीव्हर येईपर्यंत

नव्या माणसानं पहिल्याच दिवशी मरू नये म्हणून मी व्हिडिओ बनवते. हसू नका, लोक पाहतात. गेम असा आहे का, धरण फुटून एक मोठं शहर वाहून गेलं अन मागं जे उरलं त्यात तुमी एकटे. ना सरकार, ना दुकान, ना दवाखाना. चिखल, पडके घरं, भुकेले कुत्रे अन लुटारू. जिकडं वाटलं तिकडं जा, कोणी अडवत नाही अन कोणी वाचवत बी नाही. नवा माणूस तिथं चहा थंडा व्हायच्या आत खपते. तो कावून खपते हे मी हिंदीतून समजावते, कारण चॅनेल हिंदीत आहे. मराठी आमची घरातली. भिलाईत आमच्यासारख्या बहुतेकांचं तसंच आहे.

माझी अडचण वेगळीच होती. इतके वर्षं खेळून खेळून मले आता मरताच येत नव्हतं. अन ज्याले मरता येत नाही, त्यानं नव्या माणसाले काय शिकवाचं? मले एक कोरा करकरीत माणूस पाहिजे होता, ज्याले कोणतं बटन कायचं तेही माहीत नाही. तसा एक आमच्या घरातच बसून होता. माझे बाबा, केवलराम.

बसून होते म्हणजे खरंच बसून. बाबानं सारी नोकरी स्टील प्लांटच्या पंप हाउसवर काढली. रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आमी जुनवानीत राहाले आलो, अन बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणते फिरा, शुगर वाढली. आई म्हणते सिविक सेंटरपर्यंत तरी जाऊन या, चार लोक भेटतील. बाबा म्हणतात, पाहू. या 'पाहू'नं आईचं डोकं रोज फिरते.

अन त्यात रुक्मा काकूचा निरोप. बाबाचे जोडीदार बाबुलाल काका गेल्या वर्षी, बाबा रिटायर व्हायच्या थोडं आधी, अचानक गेले. एकाच पंपावर दोघांची ड्यूटी, हे निघाले का ते बसत. इतकी जुनी दोस्ती, पण बाबा ना मातीले गेले ना तेरवीले. घरात कोणालेच समजलं नाही कावून. रुक्मा काकू, म्हणजे बाबुलाल काकाची बायको, कुरुदले राहते. आता ती घर विकून गोंदियाले पोरीकडं चालली होती, कायमची. तिनं कितीदा निरोप धाडला, भाऊजींना म्हणा एकदा येऊन जा. आता रविवारी तिची गाडी होती. आई म्हणे, "अहो, ती बाई गेली तं मंग कोणाच्या दारात जाऊन उभे राहसाल?" बाबा म्हणे, पाहू.

तं एका दुपारी मी हेडफोन बाबाच्या डोक्यावर चढवला अन लॅपटॉप समोर ठेवला.

"मले काय समजते त्यातलं?" बाबा म्हणाले.

"म्हणूनच तं तुमी पाहिजे."

माझी पहिली टिप असते, हत्यार शोधू नका, पाणी शोधा. नवे पोट्टे बंदूक शोधत फिरतात अन तहानेनं मरतात. बाबाले हे सांगावं लागलंच नाही. पाणी शोधलं, उकळलं, मंगच प्याले. मी खूश. दुसरी टिप, दिसलं ते उचलू नका. झोला जड झाला का पळता येत नाही. इथं बाबानं माझं नाव बुडवलं. नट, बोल्ट, तार, फुटका पाइप, एक गंजलेला पाना, सारं झोल्यात. मी म्हटलं फेका. ते म्हणे, कामात येईन. मंग कुत्रे आले. बाबा पळाले कुठं, नुसते रांगत होते.

"मेलो का?"

"मेले."

"मंग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून."

"हे बरं आहे," बाबा म्हणाले अन पुन्हा बसले.

मी खोटं कावून सांगू, त्या दिवशी मले मजा आली. बाबा मरत होते अन मी व्हिडिओसाठी लिहून घेत होती. अंधारात शेकोटी पेटवली, उजेड पाहून लुटारू आले, मेले. पहिल्याच घरात ठाण मांडलं, आजूबाजूचं खाणं संपलं तरी उठले नाही, मेले. आई मेथी निवडता निवडता म्हणे, "मरू दे, तेवढंच हातपाय हालतात." पण बाबा शिकत होते. झोला हलका ठेवाले लागले. शेकोटी विझवाले लागले. मले वाटलं, आता हा माणूस जगते.

मंग ते पंपावर पोचले.

नदीच्या काठी एक पंप हाउस आहे. आत डिझेलचं इंजिन चालू, बाहेर नळाले साफ पाणी. तिथं पिवळा कोट घातलेला एक म्हातारा भेटते. तो म्हणते, मी डिझेल आणाले जातो, तू इथं थांब, इंजिन बंद पडू देऊ नको. तुमी हो म्हटलं का तो निघून जाते. हा फसवणुकीचा डाव आहे. तो म्हातारा परत येतच नाही. गेम बनवणाऱ्यानं त्याचं येणं बनवलंच नाही. शहाण्या माणसानं बाटल्या भराव्या अन आपला रस्ता पकडावा. ही माझी सगळ्यात गाजलेली टिप आहे.

बाबा थांबले. इंजिनाजवळ उभे राहिले. भूक लागली तरी उभे, कुत्रे भुंकले तरी उभे. खाणं संपलं अन तिथंच खाली पडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पाणी शोधलं, नीट चालत नदीवर आले, म्हाताऱ्याले हो म्हटलं, अन पुन्हा तिथंच मेले. अन पुन्हा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, बाबाची मेल्यावर बी जात नव्हती.

माझं टकुरं तापलं. आमच्या घरात ते तापाले वेळ लागत नाही, आईकडून आलं आहे.

"बाबा, कितीदा सांगू? निघा तिथून."

"अन इंजिन बंद पडलं तं?"

"पडू द्या. खोटं इंजिन आहे ते."

"इंजिन खोटं असन. मी त्याले हो म्हटलं ते तं खरं आहे ना? रिलीव्हर आल्याशिवाय जागा कशी सोडू?"

प्लांटवाल्याच्या घरात हे लेकराले बी माहीत असते. शिफ्ट संपली म्हणून उठून चालता येत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस येते, समोर उभा राहते, तुमी त्याले सांगता काय चालू, काय बंद, कायवर लक्ष ठेवाचं. तो म्हणते, घेतलं. मंग तुमी निघाचं. तो आला नाही तं तुमी तिथंच, मंग घरी लग्न असो का मयत. लहानपणी बाबाले उशीर झाला का आई ताट झाकून ठेवे अन म्हणे, रिलीव्हर आला नसन.

हे सारं मले माहीत होतं. तरी मी ओरडली, "तो येणार नाही, बाबा. तुमी मरेपर्यंत वाट पाहा, तो येणारच नाही."

बाबानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. चेहरा पार पडला होता.

"त्या रोजी बी मी असाच बसलो होतो," ते म्हणाले.

मंग त्यायनं सांगितलं. मले नाही, त्या लॅपटॉपकडं पाहून सांगितलं. त्या रोजी बाबाची सकाळची शिफ्ट होती अन दुपारी बाबुलाल काका यायचे होते. आले नाही. पंप सोडता येत नव्हता. बाबा बसले अन शिव्या देत बसले. पान खात बसला असन, चौकात गप्पा हाकत असन, ऊन उतरलं तरी पत्ता नाही. जे तोंडात आलं ते बोलले. शेवटी मोठ्यानं म्हणाले, मेला का काय साला कुठं.

"मी तसं बोललो तेव्हा तो गेटजवळ सायकल स्टँडवर खाली पडून होता," बाबा म्हणाले. "हार्ट अटॅक. लोक त्याले उचलत होते. अन मी पंपावर बसून त्याले मेला म्हणत होतो. आता रुक्मा वहिनीसमोर कोणत्या तोंडानं जाऊ?"

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली.   भांडाचं असलं तं माझं तोंड घोड्यावर असते, पण असं काही आलं का मी ठार मुकी. बाबाची इतकी दया आली का मले रडू याले लागलं, अन ते दिसू नये म्हणून मी उठून माझा जुना लॅपटॉप आणला.

पाहिजे तं दुसऱ्याच्या गेममधी बी घुसता येते. पलंगावर बसून मी बाबाच्या गेममधी घुसली, माझ्या माणसाले घेऊन. मी बाबापासून लई दूर होती, मधात नदी, तुटका पूल अन कुत्र्यायचा इलाका. कधी पळत, कधी लपत गेली. बाबाले म्हटलं, हेडफोन घाला. त्यायनं घातला. म्हाताऱ्याले हो म्हणून ते पुन्हा इंजिनाजवळ उभे होते. मी दारात येऊन उभी राहिली.

"कोण आहे?"

"मी. पुढची शिफ्ट."

बाबानं पहिले पलंगावरच्या मले पाहिलं, मंग स्क्रीनवरच्या मले.

"उशीर केला," ते म्हणाले.

"हो, झाला. चार्ज द्या."

बाबा खुर्चीत नीट बसले. मंग घसा साफ केला. "इंजिन चालू आहे. पाणी बरोबर येऊन राहिलं. डिझेल अर्ध्याच्या खाली, तं जास्त रेस करू नको. कुत्रे डाव्या बाजूनं येतात, तिकडचं दार लावून ठेव."

"घेतलं," मी म्हटलं.

बाबा हालले नाही. "जेवली का तू?"

"जेवली. तुमी निघा."

बाबाचा माणूस इंजिनापासून सरकला. दारातून बाहेर गेला, काठाकाठानं चालत राहिला. कुठं जायाचं ते त्याले बी माहीत नव्हतं, बाबाले बी नाही. मंग बाबानं हेडफोन काढला अन आईले विचारलं, "माहा निळा शर्ट कुठं आहे?"

आई धावली. मी बी उठली, तं बाबा माझ्यावरच गरजले. "तू कावून उठली? पंपावर कोण आहे?"

आता या माणसाले काय सांगाचं? दुर्गचा पीयूष माझ्यासंग खेळते, त्याले फोन लावला. म्हटलं, लॉगिन कर, नदीवरच्या पंपावर ये अन उभा राह. तो म्हणे, क्यूं, वहां तो कुछ मिलता ही नहीं. मी म्हटलं, सवाल मत कर. बाबा शर्टाच्या गुंड्या लावून स्क्रीनसमोर उभे राहिले, पीयूष येईपर्यंत हालले नाही. मी त्याले डिझेल सांगितलं, कुत्रे सांगितले. बाबा मागून म्हणाले, "त्याले घेतलं म्हणू दे." पीयूषनं घेतलं म्हटलं, तेव्हा कुठं बाबानं चपला घातल्या.

आमी तिघं ऑटोनं निघालो. कुरुदच्या घरात अर्धं सामान बांधून झालं होतं, भांड्यायच्या बोऱ्या दाराशी होत्या. रुक्मा काकूनं बाबाले पाहिलं अन पहिले खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. बाबा बसले नाही. उभ्या उभ्याच सारं सांगून टाकलं, शिव्या, अन तो शेवटचा शब्द बी. आई डोळे पुसत होती. मले वाटलं, आता ही बाई बाबाले हाकलते.

रुक्मा काकू बोरीवर टेकली.

"भाऊजी, ते घरून निघताना रोज काय म्हणत, ठाऊक आहे? चाल, केवल्या शिव्या देऊन राहिला असन. रोज. त्या रोजी सकाळपासून छातीत दुखत होतं. मी म्हटलं, आज राहू द्या. तं उशीर झाला तरी हेच म्हणून निघाले. म्हणे, मी गेल्याबिगर तो गाढव उठाचा नाही तिथून."

बाबा मटकन खाली बसले, फरशीवरच. माझ्या बाबाले मी पहिल्यांदा रडताना पाहिलं, मोठ्यानं, लेकरासारखं. काकूनं रडू दिलं. मंग आतून पाणी आणून समोर ठेवलं अन म्हणाली, "अन तुमी आज आले, मी निघता निघता. ते असते तं तुमाले काय म्हणले असते?"

बाबा पाणी प्याले. तोंड पुसलं. अन सांगितलं. पुरी शिवी, जशीच्या तशी, बाबुलाल काकाच्या आवाजात, तसाच नाकातून हेल काढून. आई मले म्हणे, बाहेर जा. मी कशाले जाते.

रुक्मा काकूनं पदर तोंडाले लावला होता. हसत होती का रडत होती, समजत नव्हतं. हातानं बाबाले खूण करत होती, अन आवाज फुटला तेव्हा म्हणाली, "भाऊजी, आणखी एकदा."