डावा हात

योफ गावच्या समुद्राकाठच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली मागची खोली माम लामीन आणि त्यांची नात सिगा, या दोघांची होती. सिगा आज आईबरोबर कायमची मॉन्ट्रियलला, बापाकडे निघाली होती. मामचं शरीर थकलं होतं. पुन्हा भेट व्हायची तर सिगालाच यावं लागणार होतं.

"लांब जाताना कुठला हात द्यायचा?" दारात मामनी विचारलं.

"डावा! पण डावा हात देणं वाईट ना, माम?"

"वाईटच. म्हणून तर ती चूक सुधारायला माणसाला परत यावं लागतं."

तिने डावा हात दिला. मामनी तो धरूनच ठेवला.

"बाबा, सोडा आता," सिगाची आई म्हणाली. "विमान काय तुमच्या ओळखीचं आहे थांबायला?"

त्या गेल्या. माम सिगाच्या पलंगावर जाऊन बसले. तोच जिन्यात पावलं धडधडली. सिगा उशीखालची शिंपल्यांची पुरचुंडी विसरली होती. ती काखेत मारून तिने ऐटीत उजवा हात पुढे केला.

"आले की नाही परत? झाली चूक दुरुस्त!"

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. हे परत येणं नव्हे, पुन्हा डावा दे, असं मामना सांगायचं होतं. पण धडा बरोबर आल्याच्या आनंदाने पोरीचा चेहरा इतका खुलला होता, की त्यांना तिला चूक म्हणवेना.

"शाब्बास," ते म्हणाले आणि त्यांनी उजवा हात दिला.

सिगा उड्या मारत जिना उतरली. मामनी दार बराच वेळ उघडंच ठेवलं.