हॅडली हॉलच्या पेट्या

आयोवातल्या त्या लहानशा कॉलेजात सेवाबंधू मंडळाने १९७६ साली मुलींना दार उघडलं, तेही कसंबसं, एका मताच्या जोरावर. विरोधात मत देणारा अध्यक्ष व्हर्नन हरला, पण हट्ट सोडायला तयार नव्हता. नव्या माणसाने सगळ्यांसमोर मंडळाचा इतिहास तोंडपाठ म्हणून दाखवायचा, अशी तिथली रीत. मुलगा अडखळला की बाकीचे हळूच पुढचा शब्द पुरवायचे. ग्रेटा नूडसन उभी राहिली तेव्हा मात्र व्हर्नन म्हणाला, "एक शब्द चुकला की घरी!"

ग्रेटाने त्या वसंतात रक्तदान शिबिरात कपबश्या धुतल्या होत्या, अनाथालयाचे झोपाळे रंगवले होते. मंडळाची पितळी पिन तिला मनापासून हवी होती. कोटावर कुठे लावायची तेही ठरलेलं.

१९४८ पर्यंत गाडी सुरळीत आली. पुढचं वाक्य म्हणजे मंडळाची शान: 'बंधूंनी हॅडली हॉलमधल्या मुलींच्या सगळ्या पेट्या चौथ्या मजल्यापर्यंत वाहून नेल्या.'

ग्रेटा थांबली. त्या वर्षी तिची आई हॅडलीच्या, म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या, चौथ्या मजल्यावर राहायची. घरी पाठांतर ऐकताना याच वाक्याला ती हसून हसून बेजार झाली होती. गपगुमान म्हटलं असतं तर पिन मिळत होती. पण ग्रेटाला ते घशाखाली उतरेना.

"...सगळ्या पेट्या जिन्याच्या पायथ्यापर्यंत वाहून नेल्या," ती म्हणाली.

"चुकली!" व्हर्नन टुणकन उठला. "चौथ्या मजल्यापर्यंत!"

"तू कधी चढलायस रे हॅडलीचा जिना?"

"मी? वेडी आहेस का? मुलांना वर बंदी आहे. कॉलेजातून हाकलतील मला!"

"मग तेव्हा काय पायघड्या घालायचे?"

सगळ्यांच्या माना प्राध्यापक ओबर्ग यांच्याकडे वळल्या. मंडळाचे सल्लागार, आणि १९४८ चे बंधू. शिवाय आता कॉलेजच्या शिस्तीचं खातं त्यांच्याकडेच. केकचा घास त्यांच्या तोंडातच राहिला. वर गेलो म्हणावं तर नियम मोडला, नाही म्हणावं तर शान गेली.

"वॉर्डन मिसेस प्लँक छत्री घेऊन जिन्यात उभ्या असायच्या," ते शेवटी म्हणाले. "आमची काय टाप होती वर जायची!"

"मग पेट्या वर कुणी नेल्या, सर?"

"मुलींनीच. आम्ही खाली लिंबू सरबत पीत 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होतो."

हशा इतका उसळला की व्हर्ननला पिन द्यावीच लागली. देताना त्याने ती स्वतःच्याच बोटात टोचून घेतली. ग्रेटाला त्याची काडीचीही दया आली नाही.

शरदात नवी मुलं राहायला आली. मुलांच्या वसतिगृहात ग्रेटाने एक दणकट पेटी व्हर्ननबरोबर उचलून जिन्यापाशी आणली आणि खाली ठेवली.

"अगं, खोली चौथ्या मजल्यावर आहे!"

"असेल. मुलींना इथे वर बंदी आहे."

व्हर्ननने दातओठ खात पेटी पाठीवर घेतली. ग्रेटा सरबताचा पेला घेऊन पहिल्या पायरीवर ऐसपैस बसली.

"सांभाळून रे," ती म्हणाली, "सांभाळून."